डब्यातली शार्डने

आमच्या माहेरी कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर मूठभर साखर घालतात. ही रीत माझ्या धाकट्या बहिणीने न्यूझीलंडला जाऊन आपल्या गोऱ्या सासूला सांगितली. सांगायची काही गरज नव्हती. पण तिला एखादी गोष्ट सांगू नकोस म्हटलं, की ती आधी तीच सांगते.

बहीण शेतकीची पदवीधर. नाशिककडे एका द्राक्षबागेत नोकरीला होती, तिथे काम शिकायला आलेल्या एका गोऱ्याशी तिचं जमलं आणि ती त्याच्या देशाच्या पार दक्षिणेला, डोंगरांमधल्या एका गार खोऱ्यात जाऊन संसाराला लागली. बाग लहान, घरचीच. सासू, नवरा आणि ही, शिवाय तोडणीच्या दिवसांत मदतीला येणारे शेजारी. वाइन एकच करायचे, पांढरी, शार्डने. फोनवर ती मला समजावायची, की थंडीत द्राक्ष घाई करत नाही, गोडी सावकाश चढते आणि आंबटपणा टिकून राहतो, त्यामुळे वाइनला धार येते. वसंतात दंव पडायची भीती असली की सगळे पहाटे उठून वेलींवर पाणी फवारत बसतात. त्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाच्या आत कोवळा कोंब जिवंत राहतो. हे मला काही केल्या पटत नसे. मी इकडे सौदीत, अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये, एसी लावून, पोळ्या लाटता लाटता नुसतं हो हो म्हणायची.

आमचे दिवस तेव्हा वेगळ्याच काळजीत चालले होते. निताकतची वर्षं होती. प्रत्येक कंपनीने इतकी सौदी माणसं ठेवलीच पाहिजेत असा नियम, आणि कमी पडलेल्या कंपनीला परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नवे करून मिळत नसत. आमच्या इमारतीतली भारतीय कुटुंबं एकेक करून सामान बांधत होती. माझे यजमान मेंटेनन्स इंजिनीयर. एका सौदी तरुणाला ते रोज आपलं काम शिकवत होते आणि तो शिकला की आपली गरज संपणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कराराचं नूतनीकरण साहेबाच्या टेबलावर पडून होतं. मुलगी दहावीला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मार्चपर्यंत इथे टिकायचं, एवढं एकच आम्ही धरून बसलो होतो. त्याआधी निघावं लागलं असतं तर तिचं वर्ष गेलंच असतं.

अशात बहीण भारतात जाता जाता बहारीनला एक दिवस उतरली. आम्ही समुद्रावरच्या पुलावरून गाडीने जाऊन तिला भेटून आलो. आदल्या दिवाळीत मी तिच्यासाठी चकल्या भरून पाठवलेला उंच उभा स्टीलचा डबा तिने परत आणला होता, झाकणावर चिकटपट्टी मारलेली. सासूबाईंनी स्वतः भरलाय, जॅम असेल, म्हणाली. डबा चांगला जड होता. मी मनात म्हटलं, बाई दिलदार दिसते.

परतताना शनिवारची दुपार होती आणि पुलाच्या मध्यावरच्या बेटावर नेहमीसारखी रांग. बहारीनचा शिक्का झाला, सौदीचाही झाला, आता फक्त कस्टमची तपासणी. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. माझे हात संत्र्याने चिकट झाले होते, म्हणून मुलीने मागच्या सीटवरून तो स्पीकरवर लावला. बहीण आधी रडलीच. सासूशी आत्ता बोलणं झालं, म्हणाली. डब्यात जॅम नाही, शार्डनेची बाटली आहे, घरच्या लोकरीत गुंडाळलेली. साखरेऐवजी आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं काय, तर हेच, असं त्या माउलीने ठरवलं होतं. सौदी कुठे आहे नि तिथे काय चालत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

मुलीने फोन बंद केला. डबा डिकीत होता. दोन्ही बाजूंना गाड्या, वर कॅमेरे, पुढे कुत्रा घेऊन उभा असलेला शिपाई. डिकी उघडून बाटली समुद्रात टाकायला गेलो असतो तर दहा माणसांनी पाहिलं असतं. परत फिरावं तर का फिरलात हा प्रश्न आलाच. सापडलो तर तुरुंग, नंतर हद्दपारी, पुन्हा या देशात पाय ठेवायचा नाही. बहिणीचा, तिच्या सासूचा, त्या खोऱ्यातल्या थंडीचाही मला इतका संताप आला की डोळ्यांसमोर काही दिसेना.

यजमान स्टीअरिंग धरून पुढे बघत बसले होते. मी मात्र अशा वेळी फार भराभर विचार करते. इकामा त्यांचा, आम्ही दोघी त्यांच्या इकाम्यावर. ते गेले तर तिघंही गेलो. एकटी मी अडकले तर ते दोघं इथे राहू शकतील आणि मुलगी परीक्षा देईल. हिशेब सरळ होता. मी म्हटलं, "विचारलं तर डबा माझा. तुम्हाला काही माहीत नव्हतं."

माझी कल्पना होती की ते म्हणतील, भलतंच काय बोलतेस. मग मी समजावीन, ते अडून बसतील, मी पुन्हा समजावीन. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर कुणी उचलायचा यावरसुद्धा इतकं होतं.

ते म्हणाले, "ठीक आहे."

गाडी थोडी पुढे सरकली. "अँड मम्मा?" मुलीने मागून विचारलं.

आमची पाळी आली. शिपायाने डिकी उघडायला लावली. पिशव्या हलवल्या, टायर बघितला, मग डब्यावर बोटांनी टकटक केली आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मी काच खाली केली आणि सांगितलं, माझा. आत काय? हलवा, बहिणीने दिलाय. माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला, याचं मला आजही नवल वाटतं. कुत्र्याने मागच्या चाकाचा वास घेतला आणि तो शेजारच्या गाडीकडे वळला. शिपाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डिकी आपटून लावली आणि पुढे जायची खूण करत म्हणाला, "यल्ला."

घरी आल्यावर मुलगी तिच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी डब्याची चिकटपट्टी फाडली. लोकरीत बाटली, लेबल हाताने चिकटवलेलं, किंचित तिरपं. यजमानांनी एग्झॉस्ट फॅन लावला, नळ सोडला आणि बाटली सिंकमध्ये उलटी केली. फिकट सोनेरी होती. वास पेअरचा आला, थोडा लिंबाच्या सालीचा, आणि खूप गार वाटलं. कुणीतरी पहाटे उठून जपलेली ती वेल होती आणि आम्ही ती गटारात सोडत होतो. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी वाइनसाठी रडत नव्हते.

मी म्हटलं, "तुम्ही फार लवकर हो म्हणालात."

त्यांनी बाटली आणखी तिरकी केली. नाकारलं नाही, उगाच प्रेमाचंही बोलले नाहीत. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने मान्य करते.

"मला भीती वाटली," ते म्हणाले, "वेळ लावला तर तू विचार बदलशील."

बाटली रिकामी झाली तरी त्यांनी नळ बराच वेळ सोडून ठेवला. मार्चमध्ये मुलीने सगळे पेपर दिले. त्यानंतर लगेचच यजमानांची जागा त्या सौदी तरुणाला मिळाली आणि आम्ही परत आलो. बहिणीची सासू फोनवर विचारते, कशी लागली. मी म्हणते, छान होती. आमच्या घरात यजमान आणि मुलगी, दोघंही तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.