पडेगावची लेकुरवाळी

आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात लांडगा कोळी या जाळं न विणणाऱ्या कोळ्याच्या एका जातीचा नमुना ठेवलेली एकच जुनी बाटली आहे. चिठ्ठीवर ‘पडेगाव, ओढ्याकाठी’ एवढंच लिहिलेलं. पुढे कुठलीच नोंद नाही. ही जात तिथं अजून उरली आहे का, ते पाहायला मी गेले. दोन दिवस शोधूनही काही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “काय हरवलं व्हय, ताई?”

मी बाटलीचा फोटो दाखवला. त्यांनी विळा कमरेला खोचला आणि बांधावरचा एक दगड अलगद उचलला. खाली कोळ्याची मादी होती, पाठभर पिलं घेतलेली.

मी रिकामी बाटली उघडली, तसा त्यांनी माझा हात धरला. “आत्ता नका धरू. लेकुरवाळी हाय ती. पिलं उतरू द्या, मंग या.”

आठवड्यानं गेले, तर त्यांनी तिच्यावर नजर ठेवलेलीच होती. पिलं पांगली होती. पाठीवरचे पट्टे आता स्पष्ट दिसत होते. जात तीच होती. मी फक्त फोटो काढले आणि नोंदीसाठी बाईंना नाव विचारलं.

त्या हसल्या. “माझं कशाला? तिचं लिवा.”

संग्रहालयाच्या नोंदवहीत सगळ्या नोंदी मेलेल्या जिवांच्या. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच ‘जिवंत’ असं लिहिलं.