पहिल्या फेरीतला जोश्या

त्या शुक्रवारी मेसईदच्या कारखाना-वसाहतीतून येणारी बस मैदानापाशी थांबली, माणसं उतरली, पण जयंतदादा काही उतरले नाहीत. मी काचेवर थाप मारून ओरडलो, "दादा, यल्ला, चला की! आतच झोपलात की काय?" मागून कुणीतरी माझा दंड धरला. खत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दादा पहाटे झोपेतच गेले होते... नको तेव्हा नको ते बोलण्यात माझा हात धरणारा अख्ख्या दोह्यात नाही, हे दादांचंच मत. शेवटपर्यंत खरं करून दाखवलं मी.

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका शाळेच्या मैदानावर आम्हा नोकरदारांची फुटबॉल लीग चालायची. वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं उभी राहत होती. त्यातल्या एकाच्या एसी-पाइपांची ड्रॉइंग मी करायचो, म्हणजे आपल्याला फुटबॉल कळतं असा माझा समज. सीझनआधी ड्राफ्ट व्हायचा. कप्तानांनी आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा, आणि गेल्या खेपेला तळाला राहिलेल्याने सगळ्यांत आधी. तेव्हा तळाला दादांचाच संघ होता, म्हणून पहिला मान त्यांचा. समोर गोव्याचा एक स्ट्रायकर उभा, चेंडू पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा. दादांनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, "जोश्या."

मैदान खो खो हसलं. मी मात्र तिथूनच पुण्याला बायकोला फोन लावला, "अगं, पहिल्या फेरीत!" दुसऱ्या दिवशी महागडे बूट घेतले. पहिल्याच सामन्यात असा काही हेडर मारला की आमचाच गोलकीपर थक्क झाला, कारण चेंडू त्याच्या मागे जाळ्यात होता. दादा एवढंच म्हणाले, "बूट छान आहेत."

आणि तरी ती लीग आम्ही जिंकलो! गोव्याच्या स्ट्रायकरची मध्येच दुबईला बदली झाली. कुणी बहिणीच्या लग्नाला गेला, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट खलास. बाकीचे संघ अर्धेमुर्धे उतरत होते, आमचा एक गडी हलला नव्हता.

"दादा, माणूस पारखता कसा हो तुम्ही?" मी फुशारून विचारलं.

"ड्राफ्टआधी सगळ्यांना चहा पाजतो आणि विचारतो, सुट्टी कधी? जो तारीख सांगतो, त्याला सोडून देतो." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तू नुसता हसला होतास."

खरंच होतं. स्टेडियम ताब्यात दिल्याशिवाय कंपनी माझ्या परवानगीवर सही करणार नव्हती, आणि सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. आमच्या संघात सगळे तसलेच. बाकीचे कप्तान पाय पाहत होते. दादा कुणाचं दार बंद आहे ते पाहत होते.

"म्हणजे मी गुणांवर नव्हतो?"

"तुझ्यात गुण आहेत की! तू कुठे जात नाहीस."

दादांचंही दार बंदच होतं. वहिनी आणि मुलगी कधीच्या नाशिकला परतल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलेलं, पण वडिलांच्या सुट्टीवाचून मुहूर्त पुढे ढकलला जात होता. प्लांटचा शटडाऊन झाला की... नवा माणूस आला की... शेवटच्या भेटीत मी गमतीने त्यांचाच प्रश्न विचारला, "दादा, सुट्टी कधी?" आणि त्यांनी चक्क तारीख सांगितली! दिवस सांगितला, विमान सांगितलं, खिडकीची जागा मिळाल्याचंही सांगितलं. "यंदा मला धरू नका रे," म्हणाले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या तारखेआधीच ते गेले. कागद पूर्ण होईपर्यंत त्यांना इथे थांबावं लागलं. गेल्यावरसुद्धा.

संघ आता माझ्या गळ्यात आहे आणि दादांचा थर्मासही. परवाच्या ड्राफ्टआधी मी चहा ओतत फिरलो. नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका इंजिनिअरला विचारलं, "काय, सुट्टी कधी?" तो कपात बघून नुसता हसला.

माझी पाळी आल्यावर मी त्याचं नाव घेतलं. बिचाऱ्याचा चेहरा असा उजळला! लगेच फोन काढून बाजूला गेला. "आई, पहिल्या फेरीत," त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता... मी थर्मासचं झाकण घट्ट फिरवत राहिलो.