कोरडे लंगोट

एका बाळाला संध्याकाळी पाच वाजता शू झाली, असं मी एकदा दवाखान्याच्या रजिस्टरात सकाळी आठलाच लिहून ठेवलं होतं. अक्षर मात्र मोत्यासारखं. माझी नात आजही म्हणते, "आजी, तू नर्स काहून झाली? मास्तरीण व्हायचं होतं!" बरोबर आहे तिचं. फळ्यावरचं पुसता तरी आलं असतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीचं हे. कारंज्याहून एस.टी.नं तासाभरावरच्या एका गावात सहा खाटांचा सरकारी दवाखाना होता. डॉक्टर एक, नर्स मी एक, आणि वॉर्ड झाडणारी, बाळंतिणींची लुगडी नि बाळांचे लंगोट धुणारी एक मावशी. मी बाविशीची. टोपीला एवढी खळ, की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. दवाखाना माझ्या टोपीवरच उभा आहे, अशी माझी समजूत. मावशीचा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा. कोणी ठेवला, कधीपासून, हे कोणी विचारत नसे. मीही नाही.

त्या आठवड्यात तपासणी यायची होती. रजिस्टरात प्रत्येक बाळाचे रकाने असत. ताप, दूध, शू, शी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. घाईत अक्षर बिघडतं, म्हणून मी सकाळीच बसून दिवसभराचं लिहून टाकायची. मावशी झाडत झाडत टेबलापाशी यायची. "पाय उचला, बाई." मी पाय उचलायची, हात चालूच.

तीन नंबरच्या खाटेवरच्या बाळंतिणीला तिसरीही मुलगीच झाली होती. बाळ एवढंसं. आईला ताप चढलेला, धड शुद्ध नाही. खाटेपाशी एकच नातेवाईक, हा माझा कायदा; म्हणून बाळंतिणीच्या आईला मी बाहेर निंबाखाली बसवलं आणि सासूला आत ठेवलं. सासू मला "बाईसाहेब" म्हणायची ना! एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मावशी ओल्या हातानं आली.

"बाई, तीन नंबरचे लंगोट कोरडेच हायेत. काल चार देल्ते, चारी तसेच."

"बरं झालं की. तुझं धुणं वाचलं."

"हासू नका. पोरगी पिऊनच नाई राह्यली. म्हातारी तिले मायजवळ देतच नाई."

मी दारातूनच सासूला विचारलं, "बाळ पितं ना?"

"पिते त, बाईसाहेब. आताच झोपली."

झाली माझी चौकशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचे साहेब डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. मावशी पुन्हा आली. डॉक्टरांशी तिनं थेट बोलायचं नाही, जे काय ते माझ्यामार्फत, अशी आमच्याकडची रीत.

"डॉक्टरायले सांगा, बाई. आजबी कोरडेच हायेत."

मी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "हे पाहा. सकाळी शू, दुपारी शू. लिहिलेलं आहे."

आणि खरं सांगते, ते वाचून मला हायसं वाटलं. अक्षर माझं, थाप माझी, आणि त्या थापेवर विश्वास ठेवणारी शहाणीही मीच.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं पानाकडे पाहिलं. "लिहिलं असन," म्हणाली आणि बादली उचलून गेली.

साहेबांनी त्या पानावर 'नोंदी उत्तम' असा शेरा मारला.

चारच्या सुमारास बाळंतिणीचा ताप उतरला. तिनं डोळे उघडून विचारलं, "माही पोरगी कुठी हाय?" मी सासूच्या मांडीवरून बाळ उचललं. तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हात लावला होता. ते गार होतं. डॉक्टर धावत आले. गरम पाण्याची पिशवी झाली, थेंब थेंब साखरपाणी झालं. पाच वाजायच्या आत सगळं संपलं. सासूनं पदर डोळ्यांना लावला. बाळंतिणीची आई निंबाखालून दारात येऊन उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, "आता येऊ का मी आत?"

"या," मी म्हटलं.

मी रडले नाही. साबणानं हात धुतले, परत धुतले. दुपारचा डबा तसाच होता, तो उघडून भाकरी खाल्ली, पूर्ण. कशाची चव लागली नाही, पण उष्टं टाकलं नाही. डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. रजिस्टर चोख होतं. कोणी रागावलं नाही. त्याचं बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. टोपी तेवढी कानाशी टोचत होती.

मग रजिस्टर पुढ्यात घेऊन, पेन उघडून बसले. तीन नंबर, संध्याकाळ. चारी रकाने भरलेले होते. ताप नाही, दूध ठीक, शू पाच वाजता, शी ठीक.

मावशी आत आली. चार लंगोट, कोरे, घडी घातलेले, तिनं टेबलावर ठेवले. माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"आता काय लिहसान, बाई? का हेबी सकाळीच लिहून ठेवलं?"