उत्तरेकडचा कळस

डुगल्ड इमरी चहाआधी कपात दूध ओतायचे. दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवायचे नाहीत. घामानं पोलाद गंजतं, म्हणून सिग्नलचा दांडा फडकं धरूनच ओढायचे. निवृत्तीनंतर घराचं दारही तसंच उघडायचे.

पर्थशर परगण्यातल्या एका छोट्या स्टेशनाच्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली. खाली वीट, वर फळ्या, छपराच्या दोन्ही टोकांना लाकडी कळस. फळ्या आडव्या की उभ्या, एवढ्यावरून केबिन कुठल्या जुन्या कंपनीची, ते ओळखायचे.

आता सिग्नल शहरातून चालणार होते आणि केबिन पाडणार होते. वारसा यादीत नाव लागलं तरच ती वाचणार होती. शेजारची मोरव्हेन साहित्य शिकलेली, म्हणून अर्ज लिहायला तीच बसली.

"मूळ भाग बदलले आहेत का?" तिनं प्रश्न वाचला.

"उत्तरेकडचा कळस माझा आहे. लिही."

"कुणाला कळणार आहे? हुबेहूब केलाय तुम्ही."

"हुबेहूब म्हणजे मूळ नव्हे. जुना वादळात गेला. हा आईच्या पलंगाच्या पायाचा केलाय. तेही लिही."

"साहेब हसतील, मिस्टर इमरी."

"हसू देत. नोंदवहीत खोटं लिहिलं की गाडीवर गाडी जाते, पोरी. खाडाखोडसुद्धा चालत नाही."

तिनं लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. मूळ रूप राहिलेलं नसल्यामुळे अर्ज नामंजूर.

"मी लिहायलाच नको होतं," मोरव्हेन म्हणाली.

"तुझं अक्षर चांगलं होतं," ते म्हणाले.

फेरविचाराची सोय होती. चारही बाजूंची मोजून काढलेली चित्रं शुक्रवारपर्यंत पोचायला हवी होती. डुगल्डनी दक्षिण, पूर्व, पश्चिम काढली. वीट न् वीट मोजून. बुधवारी सकाळी मोरव्हेन दूध द्यायला गेली, तेव्हा ते टेबलाशीच होते. हात गार पडला होता.

गुरुवारी ती मोजायची फीत घेऊन केबिनकडे गेली. भोवती कुंपण घातलं होतं. तिला चित्र काढता येत नव्हतंच. तरी ती गेली.

त्यांच्या टेबलावरचा चौथा, उत्तरेचा कागद तिच्याकडे आहे. विटा आहेत, फळ्या आहेत, खिडकीची नऊही तावदानं आहेत. छपराच्या टोकाला मात्र काही नाही. तिथं पेन्सिलीनं दोनदा काढून दोनदा खोडलंय.