आमच्या रेडिओची घरघर

टावर चौकातले रेडिओवाले काका व्हॉल्व्हच्या रेडिओला आधी नमस्कार करत, मगच झाकण उघडत. ‘बोला महाराज, कुठे दुखतंय?’

सगळं गाव केबल टीव्हीमागे लागलेलं असताना मी आईला आणि तिच्या मुक्या रेडिओला त्यांच्याकडे नेलं. काकांनी व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलून जुनी घरघरही घालवली. शॉर्टवेव्हवर दूरदेशीचा निवेदक अगदी स्वच्छ बोलू लागला.

आईने तोंड फिरवलं. ‘हा आमचा नाही. हे होते तेव्हा तो घरघरायचा.’

‘अहो वहिनी, जिंदगीत इतका साफ आवाज काढला नव्हता मी!’

मग काकांनी कचऱ्यातून जुना कंडेन्सर शोधून परत जोडला. घरघर सुरू झाली. आईने डोळे मिटले.

‘हा मी दुरुस्त केलाय, हे फक्त कुणाला सांगू नका,’ काका हळूच म्हणाले.