हळदीचा भुसा

हिंगोलीत तेव्हा मी नगरपालिकेत हंगामी ओव्हरसियर होतो. कायम होण्याची एकच वाट दिसत होती, गावच्या कचऱ्यावर दिवे लावून दाखवायचे. कोंडवाड्यातलं शेण आणि भाजीबाजारातला पाला टाकीत कुजवायचा, त्या गॅसवर इंजिन, इंजिनवर डायनॅमो. गॅस भरला की टाकीवरचा लोखंडी घुमट वर उचलला जाई. महिनाभर तो उचललाही गेला. अर्धा तास का होईना, दिवे लागले. ते बघायला परभणीहून जिल्ह्याच्या साहेबांना बोलावणं गेलं.

मग मला अवदसा आठवली. मोंढ्याच्या बाजारात हळदीला पॉलिश करताना निघालेल्या भुशाचे ढीग पडून होते. कचरा तो कचरा, जितका जास्त तितका गॅस, अशी माझी अक्कल. टाकीवर काम करणाऱ्या सफाईच्या बायांतल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "सायब, हळद लावली की जखम सडत न्हाई. मग हा कचरा काहून सडंल?" मी त्यांना गप्प केलं. डिप्लोमा माझ्याकडे होता ना. चार गाड्या भुसा त्या बायांच्याच हातून टाकून घेतला.

घुमट खाली बसायला लागला. रोज सकाळी मी त्यावर पाण्यालगत खडूने रेघ मारायचो आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ बुडालेली असायची. अन्न गोड लागेना. बायकोने काही विचारलं की तिच्यावरच खेकसायचो. ताजं शेण ओतलं, गरम पाणी ओतलं, पण घुमट काही हलला नाही.

साहेब आले. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. साहेबांनी टाकीतलं पिवळं पाणी पाहिलं आणि हळद कोणी टाकली, असं विचारलं.

"आम्ही टाकली," मी म्हणालो.

साहेबांची नजर थेट टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांकडे गेली. असल्या लोकांच्या भरवशावर टाकी सोडता कशी, म्हणून ते मला रागावले आणि उद्यापासून यांना काढून टाका म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

मावशींनी टोपली खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"आमी म्हंजे कोन कोन, सायब? तुमी सांगा."

आता साहेबही माझ्याकडेच बघत होते.

"मी," म्हणालो. "मी सांगितलं म्हणून यांनी टाकली."

मला मुदतवाढ मिळाली नाही. बिऱ्हाड आवरून स्टेशनकडे निघालो, त्या सकाळी मावशी गुडघाभर पिवळ्या चिखलात उभ्या राहून माझी टाकी उपसत होत्या.