एकोणचाळीस किलो

अख्ख्या म्हैसुरात माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. धंदाच तसा. औषधाची पूड कारखान्याच्या हवेत उडते, ती कामगाराच्या नाकात रोज किती गेली तरी चालेल, ती मर्यादा ते ठरवून देतात. आधी निरुपद्रवी मात्रा काढायची, मग सगळी शरीरं सारखी नसतात म्हणून तिला दहानं भागायचं, माहिती अपुरी म्हणून पुन्हा भागायचं. हा भागाकार घरातही चालतो. हिनकल गावातल्या एका लग्नाला अकराच्या मुहूर्तासाठी हे सातला हजर. शेवटी मांडववाल्याबरोबर खुर्च्या लावत बसले. चहा पार निवल्याशिवाय ओठाला लावायचा नाही, वर मलाच विचारायचं, "घाई काय आहे, अल्वा?"

आमच्या बेळगोळच्या कारखान्यात हार्मोनची नवी पूड आली आणि मर्यादा ठरवायचं काम नेमकं यांच्याकडे गेलं. त्यांचा आकडा एवढा खाली, की आमच्या उघड्या वजनखोलीत काम करणंच अशक्य. हातमोजे बसवलेली बंद काचपेटी हवी, म्हणजे तीन महिने खोळंबा. उत्पादन सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि उत्पादनप्रमुख मी. साहेब म्हणाले, साडू तुमचेच, तुम्हीच समजवा. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता, तेव्हा गेलो. साडूंनी एवढंच विचारलं, की पूड तोलतं कोण? म्हटलं, गौरम्मा. तिचं वजन किती? आता बाईमाणसाला वजन कोण विचारतं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी घरचा वजनकाटा बगलेत मारून गेटवर उभी. गौरम्मा लाजत लाजत त्यावर चढली. एकोणचाळीस किलो. साडूंनी हिशेब पन्नास किलोच्या माणसावर केला होता. मी आकडा वाढवून घ्यायला धडपडत होतो. यांनी साहेबांसमोर बसून तो आणखी खाली आणला. साहेब शांतपणे म्हणाले, दुसऱ्या तज्ज्ञाकडून आकडा आणू, तोवर जुन्याच खोलीत काम चालू द्या; आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. साडूंकडे पाहिलं, तर ते खिडकीतून कामावर निघालेल्या गौरम्माकडे बघत होते. मी पेन खाली ठेवलं.

काचपेटी आली, बढती दुसऱ्याला गेली. सहा महिने मी साडूंशी धड बोललो नाही, खोटं कशाला सांगू.

यंदा गौरम्मा निवृत्त झाली. निरोप घेतानाही कुरकुरलीच, की त्या काटेवाल्या सरांच्या पेटीत हात घालून घालून माझे खांदे कामातून गेले. मी ते साडूंना जरा टोचूनच सांगितलं.

"फक्त खांदेच ना? दुसरं काही नाही म्हणाली?"

नाही, म्हटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"नीट विचारलंत ना? एकदा परत विचारून या."

आणि मी, कधी नव्हे तो, निमूटपणे उठून स्कूटर काढली.